पेण ते रोहा, व्हाया अ‍ॅरिस्टॉटल

तत्त्वज्ञान म्हटलं की डोळ्यांसमोर एखादा दाढीवाला ग्रीक म्हातारा येतो, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेली आणि दुसऱ्या दिवशी विसरलेली नावं. पण पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अडीच हजार वर्षांचा पसारा दोन सवालांत मावतो. ‘कशावरून?’ हा ज्ञानाचा सवाल. ‘कुणाला किती?’ हा न्यायाचा. पेण-रोह्याच्या बाजारात मासळीचा भाव करताना हे दोन्ही सवाल सकाळी सातलाच ऐकू येतात. तेव्हा पेणला गाडीत बसा, कासू-नागोठणे करत रोह्याला उतरा. वाटेत सॉक्रेटिसची बरीचशी मंडळी भेटतील.

दोन तालुके, तीन मॅगसेसे

आधी घरचा अभिमान. रॅमन मॅगसेसे पुरस्कार सुरू झाला १९५८ साली, आणि पहिल्याच वर्षी सामुदायिक नेतृत्वाचा मान मिळाला विनोबा भाव्यांना. त्यांचं जन्मगाव पेण तालुक्यातलं गागोदे. दुसऱ्या वर्षी, १९५९ला, शासकीय सेवेसाठी चिंतामणराव देशमुखांची निवड झाली. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण रोह्यातलं. १९९६ साली पुन्हा सामुदायिक नेतृत्वाचा पुरस्कार आला, तो रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांना. एक भूदानवाले, एक अर्थमंत्री, एक गीतेचे प्रवचनकार. तिघांच्या वाटा वेगळ्या, पण ‘कुणाला किती?’ हा सवाल तिघांनाही चुकला नाही.

## पहिला सवाल: कशावरून?

गटारीची कोंबडी

मालक रोज सकाळी येतो, दाणे टाकतो. कोंबडीचा अनुभव पक्का होत जातो: माणूस दिसला की दाणे मिळतात. आषाढ सरत येतो, अनुभव आणखी पक्का होतो. मग गटारी उजाडते.

ही कोंबडी कोकणातली वाटली तरी मूळची बर्ट्रंड रसेलची आहे. १९१२ साली त्याने सामान्य वाचकांसाठी तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात ती आहे. रोज खाऊ घालणारा माणूसच शेवटी तिची मान मुरगळतो. कालपर्यंत घडलं म्हणून उद्याही घडेल, हे कशावरून? हा प्रश्न अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने धारदार केला. सूर्य उद्या उगवेल याची आपल्याला खात्री असते, पण ती सवयीतून आलेली असते. तर्काने ती सिद्ध करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. शेअर बाजारात ‘गेली पाच वर्षं वाढतोय, पुढेही वाढणार’ म्हणणाऱ्याने या कोंबडीचा फोटो पाकिटात ठेवावा.

कोंबडीचा तत्त्वज्ञानाशी संबंध तसा जुना. प्लेटोने माणसाची व्याख्या ‘बिनपिसांचा दोन पायांचा प्राणी’ अशी केली, तेव्हा डायोजिनिसने एक कोंबडा सोलून आणला आणि म्हणाला, हा घ्या प्लेटोचा माणूस. मग व्याख्येत दुरुस्ती झाली: ‘…आणि सपाट नखांचा’.

बंद घड्याळ, बरोबर वेळ

समजा, एसटी स्टँडवरचं घड्याळ काल रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी बंद पडलंय. तुम्ही आज सकाळी बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनीच त्याच्याकडे बघता आणि शेजारच्याला सांगता, ‘दहा दहा झाले.’ वेळ खरी आहे. तुमचा विश्वास आहे. घड्याळ बघून सांगितलंय, म्हणजे कारणही आहे. मग वेळ तुम्हाला ‘माहीत’ होती की नुसता मटका लागला?

हे घड्याळही रसेलचंच, १९४८चं. पण खरा बॉम्ब टाकला एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकाने, १९६३ साली. प्लेटोच्या ‘थीएटेटस’ संवादापासून एक समज चालत आली होती: खरा असलेला आणि पुराव्याने पटलेला विश्वास म्हणजे ज्ञान. गेटियरने दोन उदाहरणं देऊन तिला भोक पाडलं. लेख होता फक्त तीन पानांचा. त्यानंतर त्याने जवळपास काही छापलं नाही, आणि बाकीचे मात्र साठ वर्षं त्या तीन पानांची उत्तरं लिहीत बसलेत.

उन्हेऱ्याचं पाणी गरम की गार?

पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. पेण-रोह्याहून सहल निघाली की तिथे पाय बुडवायचा कार्यक्रम ठरलेला. एकाला पाणी पोळतं, दुसरा ‘काही नाही हो, कोमटच आहे’ म्हणून निवांत बसतो. खरं कोण बोलतंय?

इंग्लंडच्या जॉन लॉकने १६८९च्या आपल्या ग्रंथात हेच कोडं घातलं. एक हात तापलेला, एक गारठलेला; दोन्ही एकाच पाण्यात घाला. एकाला पाणी गार लागेल, दुसऱ्याला गरम. मग उष्णता पाण्यात आहे की हातात? लॉकने गुणांचे दोन गट पाडले. आकार, हालचाल, संख्या हे वस्तूचे स्वतःचे गुण. रंग, चव, वास, ऊनगार हे मात्र वस्तू आणि आपली इंद्रियं यांच्या गाठभेटीतून जन्मणारे. मासळी ताजी की शिळी यावर कोळणीशी वाद घालण्यापूर्वी एवढं वाचून जावं. तरी हराल.

मिठाची रास कधी संपते?

पेणच्या खाडीकाठी मिठागरं. उन्हाळ्यात कडेला मिठाच्या राशी. एका राशीतला एक खडा काढला तर रास राहते ना? राहते. आणखी एक काढला? तरीही राहते. एका खड्याने रास मोडत नाही हे मान्य केलंत की संपलात, कारण असं करत करत शेवटच्या एका खड्यालाही ‘रास’ म्हणावं लागेल.

हे कोडं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या युब्युलिडिसच्या नावावर आहे. तो अ‍ॅरिस्टॉटलच्या काळातला आणि त्याचा वैरी. कोडं पोरकट वाटतं, पण टक्कल, गरिबी, म्हातारपण, गर्दी हे सगळे शब्द याच जातीचे. सरकार दारिद्र्यरेषा आखतं तेव्हा ती नेमकी कुठल्या खड्यावर आखायची हाच पेच असतो. रेषेच्या एक रुपया वर गेलेल्या माणसाला विचारून बघा.

अ‍ॅरिस्टॉटल गणपतीच्या कारखान्यात

पेणचे गणपती कुठे कुठे जातात हे सांगायला नको. साता समुद्रापार जातात. पण कारखान्यात शिरल्यावर जे दिसतं ते अ‍ॅरिस्टॉटलने आधीच मांडून ठेवलंय. एखादी वस्तू ‘का’ आहे याची त्याने चार कारणं सांगितली आणि उदाहरण घेतलं तेही मूर्तीचंच, ब्राँझच्या.

पेणमध्ये ती अशी लागतात. एक, कशाची: शाडू किंवा प्लास्टर. दोन, कोणत्या रूपाची: बैठक, सोंड, मुकुट, जे साच्यात आधीच ठरलंय. तीन, कोणाच्या हातची: साच्यातून काढणारा, घासकाम करणारा, रंगवणारा. चार, कशासाठी: भाद्रपद चतुर्थीला कुणाच्या तरी घरी पाटावर बसण्यासाठी. शाडू की प्लास्टर हा सगळा वाद पहिल्या कारणाचा, आणि मंडळांमधली भांडणं बहुधा चौथ्याची.

अ‍ॅरिस्टॉटलचा गुरू प्लेटो याच कारखान्यात आला असता तर साच्यापाशी थबकला असता. त्याच्या मते आपण बघतो त्या सगळ्या वस्तू नकला; अस्सल रूप एकच, आणि ते या जगाबाहेर. ‘रिपब्लिक’मध्ये तो पलंगाचं उदाहरण देतो: अस्सल पलंग एक, सुताराचे पलंग त्याच्या नकला, आणि चित्रकाराचा पलंग नकलेची नक्कल. पण एकाच साच्यातून निघालेल्या शंभर मूर्तींपैकी डोळ्यांची आखणी झाल्यावर गिऱ्हाईक एकीवरच बोट ठेवतं आणि म्हणतं, ‘हीच पाहिजे.’ यावर प्लेटोला बोलायला काही उरलं नसतं.

केंब्रिजमधला रोह्याचा मुलगा

चिंतामणराव देशमुख १९१५ साली केंब्रिजच्या जीझस कॉलेजात पोचले. विषय निसर्गविज्ञान; १९१७ला वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळालं, १९१८ला आयसीएसमध्ये पहिले आले. त्याच केंब्रिजमध्ये त्याच काळात आपला कोंबडीवाला रसेल महायुद्धाला विरोध केला म्हणून ट्रिनिटी कॉलेजातली नोकरी गमावत होता. साल १९१६. पुढे १९१८ला तो तुरुंगातही गेला आणि तिथे बसून गणिताच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहून मोकळा झाला.

१९४४ साली देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ब्रेटन वुड्सच्या आर्थिक परिषदेला गेले. ब्रिटिश शिष्टमंडळाचा म्होरक्या होता जॉन मेनार्ड केन्स. अर्थतज्ज्ञ म्हणून जग त्याला ओळखतं, पण १९२१चा त्याचा जाडजूड ग्रंथ निव्वळ ‘कशावरून?’बद्दल आहे. अर्धवट पुराव्यावर किती विश्वास ठेवणं शहाणपणाचं, म्हणजेच संभाव्यतेचं तत्त्वज्ञान.

जपानमध्ये विचारलेला ‘कशावरून?’

पांडुरंगशास्त्री आठवले, स्वाध्याय चळवळीचे ‘दादा’, यांचा जन्म रोह्यातला, १९ ऑक्टोबर १९२०चा. संस्कृतची परंपरा घरचीच. पण मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून त्यांनी पाश्चात्त्य विचारवंतही वर्षानुवर्षं वाचून काढले. १९५४ साली जपानमधल्या जागतिक धर्मपरिषदेत ते गीतेवर बोलले. तेव्हा कुणीतरी विचारलं की या विचारावर जगणारा एखादा समाज तुमच्या देशात आहे का? प्रश्न जिव्हारी लागला. १९५६ला ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठ उभं राहिलं आणि स्वाध्यायी गावोगाव निघाले.

अमेरिकेचा विल्यम जेम्स असता तर खूश झाला असता. विचाराची रोकड किंमत काय, तो खरा मानल्याने कुणाच्या जगण्यात काय फरक पडतो, हे विचारा असं तो १९०७मध्ये सांगून गेला होता.

## तोंडी लावायला

सॉक्रेटिसने एक ओळ लिहून ठेवली नाही. त्याच्या खटल्यात सुमारे ५०० अथेन्सकर ज्युरी होते आणि बहुमताने तो दोषी ठरला, इसवी सनापूर्वी ३९९ साली.

देकार्तला उशिरापर्यंत लोळत विचार करायची सवय. स्वीडनच्या राणीने पहाटे पाचला शिकवणी लावली; थंडीत न्यूमोनिया झाला आणि १६५०च्या फेब्रुवारीत तो गेला.

जेरेमी बेंथम १८३२ साली वारला, पण त्याच्याच इच्छेनुसार त्याचा सांगाडा कपडे घालून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात खुर्चीवर बसवलाय. डोकं मेणाचं आहे.

स्वातंत्र्यावर थोर पुस्तक लिहिणारा जॉन स्टुअर्ट मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता. हिंदुस्थानातल्या संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार तो लंडनमध्ये बसून सांभाळायचा. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही. मिल, बेंथम, कांट, ग्रीन या मंडळींची झाडाझडती मराठीत वाचायची असेल तर टिळकांचं ‘गीतारहस्य’ उघडा. १९१५ सालचं आहे.

## दुसरा सवाल: कुणाला किती?

रोह्याचा सांधा आणि बिनब्रेकची ट्राम

रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. अशा ठिकाणी सांध्यांचा विषय निघायलाच हवा. समजा, गाडीचे ब्रेक गेलेत. समोरच्या रुळावर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक. सांधा बदलायचा का?

हे कोडं १९६७ साली फिलिपा फूट या इंग्लिश तत्त्वज्ञ बाईंनी घातलं. त्यांच्या कोड्यात ट्राम होती आणि निर्णय चालकाचा होता. गंमत म्हणजे लेखाचा विषय होता गर्भपात, ट्राम नुसतं उदाहरण. पण उदाहरणच गाजलं. पुढे अमेरिकेच्या ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी तिढा वाढवला: पाचांना वाचवायला पुलावरच्या एका जाड्या माणसाला खाली ढकलायचं का? हिशेब तोच, पाचास एक. तरी सांधा बदलायला तयार झालेले बहुतेक लोक इथे हात मागे घेतात. फूटबाईंचे आजोबा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, ग्रोव्हर क्लीव्हलँड. राष्ट्राध्यक्षांना असे सांधे रोज बदलावे लागतात.

ह्यूमची कुरणं आणि खारेपाटाचे बांध

दोन शेजारी मिळून एक कुरण कोरडं करू शकतात, पण हजार माणसांना ते जमणं कठीण, कारण प्रत्येकाला वाटतं की कष्ट दुसऱ्याने करावेत. ह्यूमने हे १७४०मध्ये मांडलं आणि त्यावरून सरकार कशाला लागतं ते समजावलं.

ह्यूमला पेणच्या खारेपाटात आणायला हवं होतं. इथली भातशेती उभीच आहे ती खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधांवर. भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाचं उघाडीतून सोडायचं. बांधाला एका जागी खांड गेली की खारं पाणी एकट्याच्या शेतात शिरत नाही, सगळ्यांच्या शिरतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गावंच्या गावं एकत्र येऊन बांध राखत आली. म्हणजे हजारांना जमत होतं. आणि हेही खरं की पुढे खारभूमी खातं आलं, बांध सरकारी झाले, आणि खांड गेली की ‘कुणाचं काम?’ हा वाद सुरू झाला. ह्यूम अर्धा चुकला, अर्धा बरोबर निघाला.

घाम कुणाचा, जमीन कुणाची?

लॉक म्हणतो, निसर्ग सगळ्यांचा. पण त्यात मी माझे कष्ट मिसळले की तेवढा तुकडा माझा. मालमत्तेच्या हक्काची ही सगळ्यात गाजलेली कैफियत.

ही कैफियत कोकणातल्या खोतांना, म्हणजे जमीनदारांना, कुणी वाचून दाखवली नसावी. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं: आम्ही कसतो, पीक खोत नेतो, तर आता कसणारच नाही. पंचवीस गावांचा हा संप १९३९पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी कुळांची बाजू उचलली आणि १७ सप्टेंबर १९३७ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. कोलंबियात जॉन ड्यूईच्या हाताखाली शिकलेला माणूस खोतांना ‘कशावरून तुमची?’ विचारत होता. कूळ कायदा १९४८ला झाला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवसापासून कायद्याने कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं.

आता त्याच्या उलट टोक. आठवल्यांच्या योगेश्वर कृषीत गावातले स्वाध्यायी पाळीपाळीने शेतावर राबतात, पण पीक कुणाच्याच मालकीचं नसतं. ते देवाचं, आणि गरजवंताकडे प्रसाद म्हणून जातं. कष्ट मिसळले, तरी ‘माझं’ म्हटलं नाही. घेणाऱ्याची मानही खाली जात नाही, कारण देणारा कुणी माणूस नसतो.

यावर अमेरिकेच्या रॉबर्ट नोझिकचा १९७४चा एक खवचट प्रश्न: माझ्या मालकीचा टोमॅटोचा रस मी समुद्रात ओतला आणि तो सगळीकडे मिसळला, तर समुद्र माझा झाला की माझा रस वाया गेला? धरमतरच्या खाडीत सोलकढी ओतून कुणी बघणार असेल तर आधी वाटीभर आम्हाला द्यावी.

गागोद्याचा फणस

जॉन रॉल्सचं १९७१चं पुस्तक म्हणजे विसाव्या शतकातल्या न्यायविचाराचं मोठं ठाणं. त्यात केक कापण्याचं उदाहरण आहे: जो कापेल त्याने शेवटचा तुकडा घ्यायचा. मग बघा कसे सारखे तुकडे पडतात. याच वाटेने तो पुढे सुचवतो की समाजाचे नियम ठरवताना आपण स्वतः गरीब असू की श्रीमंत, धडधाकट की अपंग, हे माहीत नसल्याची कल्पना करा.

विनोबांच्या आठवणीत गागोद्याच्या घरचा फणस आहे. झाडावर फळ धरलं की लहानगा विन्या विचारायला लागायचा, कधी खायचा? फणस पिकला की आई रुक्मिणीबाई तो फोडून गऱ्यांचे द्रोण भरायची आणि विन्यालाच शेजारीपाजारी घरोघर पोचवायला पाठवायची. सगळ्यांचं झालं की मग घरच्यांची पाळी. आधी द्यायचं, मग खायचं.

फरक बारीक पण रसाळ आहे. रॉल्सचा कापणारा शेवटी घेतो, कारण फसवणूक होऊ नये. रुक्मिणीबाई शेवटी घेते, कारण पोराला वळण लागावं. एकीकडे नियम माणसावर भरवसा ठेवत नाही, दुसरीकडे माणूस नियमावर थांबत नाही.

‘मला सहावा मुलगा समजा’

फणस पुढे मोठा झाला. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी विनोबांकडे ८० एकर मागितले. सभेतूनच रामचंद्र रेड्डी उठले आणि १०० एकर देतो म्हणाले. तिथून भूदान सुरू झालं. विनोबा जमीनदाराला सांगायचे, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या.

यात तत्त्वज्ञानाची चलाखी आहे. दान मागितलं की देणारा मोठा होतो. वाटा मागितला की तो देणेकरी होतो. लाखो एकर मिळाले. पण त्यातले कितीतरी पडीक, कितीतरी कागदावरच राहिलेले. इथे अ‍ॅरिस्टॉटल खाकरतो: उदारपणा हा एक सद्गुण, न्याय हा दुसरा. पहिला मर्जीवर चालतो, दुसऱ्याला कायदा आणि तलाठी लागतो.

रूसो, पेण तालुका, २१ सप्टेंबर २००८

रूसोने १७६२मध्ये इंग्रजांना टोमणा मारला होता: तुम्ही स्वतंत्र आहात ते फक्त निवडणुकीच्या दिवशी; खासदार निवडला की पुन्हा गुलाम. लोकांनी आपली इच्छा दुसऱ्याकडे सोपवू नये, आपणच सांगावी, असा त्याचा हट्ट.

महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, वेळी हा हट्ट पेण तालुक्यात खरा झाला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ला सरकारने शेतकऱ्यांचं जनमत घेतलं: तुमची जमीन सेझमध्ये हवी की नको? प्रकल्पाच्या भूसंपादनासाठी थेट शेतकऱ्यालाच असं विचारण्याचे प्रसंग देशात विरळा. पुढे ते भूसंपादन बारगळलं. पण धरणाचं पाणी पिकाला हवं की कारखान्याला, आणि ते ठरवणार कोण, हा वाद बंदच पडला नाही.

जाता जाता, खिशात ठेवायला

भाव सांगणाऱ्याला विचारा: कशावरून? वाटणी करणाऱ्याला विचारा: यातला तुमचा वाटा कुठला, आणि तो तुम्ही कितव्या नंबरला घेणार? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा रागावला तर समजा, केक सारखा कापलेला नाही.